एक्केचाळीस खोटी माणसं

माझ्या पाठीवर दोन हात धाडकन आपटले, “लागली पैज!” अशी आरोळी उठली, आणि मला कुणी विचारलंही नसताना मी साक्षीदार झालो.

मित्रांनो, मी एक जुना पुठ्ठा आहे. परीक्षेला नेतात ना, तपकिरी, कडक, वर लोखंडी चिमटा असलेला, तोच. चारही कोपरे झिजून गोल झालेत, चिमट्यावर गंज चढलाय आणि पाठीवर कुणीतरी पेनाने एक उंदीर काढलाय. त्याला शेपट्या दोन आहेत. का, ते मला विचारू नका, मी तेव्हा पालथा होतो.

तर पैज. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक शिंपी आहे, त्याला सगळे मास्तर म्हणतात. चौथ्या मजल्यावर काका राहतो, म्हणजे माझा मालक, धंद्याने लिफ्टचा मेकॅनिक. दोघांची पस्तीस वर्षांची दोस्ती. रोज सकाळी एकमेकांना एकेक टोमणा हाणल्याशिवाय दोघांनाही चहा पचत नाही. त्या दिवशी दोघं दुकानात बसले होते आणि काकाची पुतणी झेरॉक्सचा गठ्ठा माझ्या चिमट्यात अडकवून आत आली. घरातली शेंडेफळ, म्हणून तिला सगळे धाकटी म्हणतात. फायनान्समध्ये मास्टर्स करत होती, शेवटचं वर्ष होतं आणि प्रबंध लिहायचा होता.

“मास्तर, एक फॉर्म भराल? दहा मिनिटं लागतील.”

“कसला गं?”

“घेतलेला शेअर पडला की लोक तो विकून मोकळे होतात की धरून बसतात, आणि का, ते शोधतेय.”

मास्तरने कात्री खाली ठेवली आणि पोट धरून हसला. “अगं, गिऱ्हाईक कंबरेचं माप देताना माझ्यासमोर पोट आत ओढतं! टेप माझ्या हातात, पोट माझ्या डोळ्यासमोर, तरी ओढतं. आणि ते तुला तोट्याचं माप देणार?”

“देणार!” काका तापला. “आमच्या पोरीला देणार. महिन्याभरात शंभर फॉर्म आणेल ती.”

“शंभर?”

“शंभर. एक कमी नाही.”

“आणि कमी पडला तर?”

दोघांचीही नजर एकदमच वर गेली. मास्तरच्या दुकानात खुंटीला एक जिराफ लटकत होता. शाळेच्या नाटकासाठी शिवलेला पोशाख. मुख्याध्यापकांनाच जिराफ व्हायचं होतं म्हणून मोठ्या मापाचा. नाटक बारगळलं आणि जिराफ न्यायला कुणी फिरकलंच नाही. पिवळा धमक, तपकिरी ठिपके, लांबलचक मान. मानेतला कापूस बसून गेला होता, त्यामुळे ती सारखी एका बाजूला कलंडायची.

“हरेल त्याने हा घालून चौकातल्या बसथांब्यावर अर्धा तास उभं राहायचं,” मास्तर म्हणाला. “ऐन संध्याकाळी. आणि जो विचारेल त्याला कारण सांगायचं. खरं कारण!”

“अहो, प्रबंध माझा आहे,” धाकटी म्हणाली. “पैज लावताना मला विचारलंत का?”

“तू अभ्यास कर,” दोघं एका सुरात म्हणाले, आणि माझ्यावर हात आपटले.

आता माझं मागचं ऐका. भुसा, लगदा आणि गोंद एका तापलेल्या यंत्रात दाबला, की आमच्यासारखे पुठ्ठे तयार होतात. चिमटा ठोकायला एक बाई बसायची. ती प्रत्येकाचा चिमटा उचलून सोडायची. ‘टक्क!’ असा आवाज आला की पास. मला तिने दोनदा वाजवलं. मला वाटतं, तिला माझ्याबद्दल तेव्हाच शंका आली असावी. कारण खोडी माझ्या चिमट्यातच आहे. ज्याचं लक्ष नाही, त्याचा अंगठा मी पकडतोच. मी किती अंगठे पकडले, याची गणती नाही. पण उगाच नाही हं. लक्ष नसलेलाच पकडला जातो.

काकाने मला घेतलं आणि सतरा वर्षं मी लिफ्टच्या माथ्यावरच्या यंत्रखोलीत काढली. तिथे ग्रीसचा वास, मोटरची गुरगुर आणि दोरांची कुरकुर. माझ्यावर तपासणीचा कागद असायचा, त्यावर बत्तीस चौकोन. ब्रेक, दोर, दरवाजा, घंटा. तपासलं की टिक. काकाची टिक बघण्यासारखी असते. सुरुवात एवढीशी, आणि शेपटी अशी लांब की शेजारच्या चौकोनाच्या घरात शिरते. शेजारधर्म म्हणा.

एकदा त्याच्या हाताखालच्या एका मेकॅनिकने ब्रेक न बघताच टिक मारली होती. खाली चहाच्या टपरीवर बसून. त्या दुपारी लिफ्ट अर्धा मजला घसरली. आत एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची सून. लागलं कुणाला नाही, पण त्या म्हाताऱ्यांनी पुढे कधी लिफ्टमध्ये पाय टाकला नाही. सहा मजले चढायचे बिचारे. काकाने त्या मेकॅनिकला मला दाखवून सांगितलं होतं, “टिक म्हणजे शब्द असतो. तोंडाने दिलेला शब्द मागे घेता येतो, हा नाही येत.” मला फार अभिमान वाटला होता. वाटलं, आपण नुसता पुठ्ठा नाही. आपल्यावर लिफ्ट चालतात.

मग कंपनीने सगळ्यांना मोबाईलवर टिक मारायला लावली आणि माझी गरज संपली. मित्रांनो, निवृत्तीचं दुःख सांगून तुम्हाला पिडत नाही. काकूने मला डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली सरकवलं. सतरा वर्षं लिफ्ट सांभाळणारा मी, आता काकूच्या साड्या सांभाळत होतो. चार वर्षं. झुरळांशी ओळख झाली. सभ्य असतात, पण बोलायला विषय नाही.

धाकटीने मला तिथून ओढून काढलं, कारण तिला एक गोष्ट चटकन कळली होती. नुसता कागद पुढे केला की लोक म्हणतात, “नंतर ये.” कागद पुठ्ठ्यावर लावून पुढे केला की आधी हात पुढे येतो, मग कपाळाला आठी येते. तोवर फॉर्म हातात असतो.

संशोधन पद्धती हा विषय तिला वर्गात शिकवला होता. पाठ करून परीक्षाही दिली होती. पण पोहण्याचं पुस्तक पाठ केलं म्हणून माणूस तरंगत नाही. तिच्या मार्गदर्शक मॅडम लाल पेनवाल्या. त्यांनी पहिलाच फॉर्म वाचला. त्यात प्रश्न होता, ‘पडलेला शेअर धरून ठेवणं चूक आहे असं तुम्हाला वाटत नाही का?’

“हा प्रश्न आहे की दटावणी?” मॅडम म्हणाल्या. “उत्तर स्वतःच्या खिशात घेऊन निघालात, तर लोकांच्या दारात कशाला जाता?”

प्रश्न पाच वेळा बदलला. मग त्यांनी तिला एका कागदावर स्वतःचा अंदाज लिहायला लावला, खाली तारीख घालायला लावली आणि तो कागद आपल्या कपाटात ठेवून घेतला. “आता तो चुकला तर चुकला म्हणायचं. बरोबर आला तर नाचायचं नाही.” धाकटीने लिहिलं होतं, लोक पडलेला शेअर विकत नाहीत, कारण तो पुन्हा चढेल अशी त्यांना आशा असते.

पहिले चौदा फॉर्म तिने आमच्याच जिन्यात भरून घेतले. वरपासून खालपर्यंत, एका दुपारी. मॅडमनी पत्ते बघितले. “तुम्ही बाजार मोजताय की जिना?”

ते चौदा फॉर्म गेले. मग तिने आसपासच्या चार रस्त्यांचा नकाशा काढला आणि ठरवलं, प्रत्येक तिसरं दार. दार हसरं असो, रडकं असो, कुत्रं भुंकत असो, तिसरं म्हणजे तिसरंच. गोड दिसणारी चौथी दारं सोडताना तिचा जीव खालीवर व्हायचा. मलाही वाईट वाटायचं. एका चौथ्या दारातून केक भाजल्याचा वास येत होता.

आणि एके दिवशी चष्म्याचा दुकानदार भेटला. त्याची बायको शेजारी हिशेबाला बसली होती. तो मोठ्याने म्हणाला, “तोटा? आपल्याला? छे!” आणि ऐटीत टिक मारली. आम्ही रस्त्याच्या टोकाला पोचतोय तोच हा धापा टाकत मागून आला. “ताई, तो फॉर्म जरा द्या. एक ओळ चुकलीय.” भिंतीला मला टेकवून त्याने सगळ्या अकरा ओळी बदलल्या.

त्या दिवसापासून धाकटी काय करायची, तर माणसाच्या हातात मला द्यायची आणि पाठ फिरवून उभी राहायची. त्याने फॉर्म भरायचा, घडी घालायची आणि बुटांच्या खोक्यातल्या फटीतून आत टाकायची. नाव नाही, गाव नाही. पाठ फिरवणं हीसुद्धा शिकायची विद्या आहे, हे मला तेव्हा समजलं.

तिची पाठ असायची, पण पेन माझ्यावर चालायचं. अकरावा प्रश्न असा होता: ‘हा तोटा तुम्ही घरी कुणाला सांगितलात का?’ तिथे पेन थांबायचं. टोक टेकलेलं, पण हलत नाही. माणूस आत कुठेतरी दार वाजवतोय आणि कुणी उघडत नाही, असं काहीतरी. मग हळूच टिक. इतकी हलकी की कागदालाही लागू नये. बत्तीस चौकोनांच्या कागदावर मला हे कधी जाणवलं नव्हतं. ब्रेक काही लाजत नाही.

तीन आठवड्यांत बासष्ट फॉर्म झाले. पुढे मात्र गाडी रुतली. एका दारात “आम्ही शेअर घेत नाही,” दुसऱ्यात “आम्ही काही घेत नाही,” तिसऱ्यात नुसताच आतून कडी सरकल्याचा आवाज. मॅडमनी सांगितलं होतं, “ऐंशीच्या खाली मी सही करणार नाही.” सही नाही म्हणजे वर्ष गेलं. आणि वर्ष गेलं म्हणजे तिला एका कचेरीत लागलेली नोकरीही गेली, कारण त्यांनी पदवी दाखवायला तारीख दिली होती.

एका संध्याकाळी ती जिन्यात बसून चपलेचा तुटलेला पट्टा बघत होती. रडत नव्हती. पण पट्ट्याकडे इतका वेळ कुणी बघत नाही. काका कामावरून येत होता. तो थांबला.

“आण इकडे पन्नासेक फॉर्म. आमच्या कंपनीत मेकॅनिकांची फौज पडलीय. दोन दिवसांत आणून देतो.”

“ते भरतील?”

“भरतील म्हणजे? माझा शब्द आहे!”

त्याने खरंच विचारलं हो, खोटं कशाला बोलू. मी होतो ना त्याच्या काखेत. पण एक म्हणाला, “साहेबाला कळलं तर?” दुसरा म्हणाला, “बायकोला कळलं तर?” तिसऱ्याने तर मला हातही लावला नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी काका एका उंच इमारतीच्या यंत्रखोलीत गेला, मोटरशेजारी बादली पालथी घातली, तिच्यावर बसला, मला मांडीवर घेतलं आणि खिशातून चार रंगांची पेनं काढली.

मी त्याचा अंगठा पकडला. सगळी ताकद लावून. तो “आई गं!” म्हणाला, अंगठा चोखला आणि पुढचा फॉर्म घेतला. मी पुन्हा पकडला. माझ्याकडे दुसरं हत्यार नाही, मित्रांनो. पुठ्ठ्याला तोंड नसतं. निळं पेन, काळं पेन, हिरवं पेन, मग पुन्हा निळं. एक विधवा झाली, दोन निवृत्त झाले, एक दंतवैद्य झाला. काका रंगात आला होता. गंमत म्हणजे, अकराव्या प्रश्नाशी आला की त्याचंही पेन थांबायचं. एक्केचाळीस वेळा थांबलं. मग बादलीच मोडली म्हणून थांबला, नाहीतर पन्नास पुरे केले असते.

एकशे तीन! घरात आनंदीआनंद. काकू म्हणाली, “बघा, माणसं चांगली असतात.” खाली मास्तरने तोंड पाडून जिराफ खुंटीवरून काढला आणि आरशासमोर आपल्या अंगाला लावून बघितला.

मॅडमनी मात्र गठ्ठ्याचे दोन भाग केले.

“हे बासष्ट बघा. कुणी ओळ सोडलीय, कुणी खोडलंय, एकाने समासात शिवी लिहिलीय. शेअर किती दिवस धरला? तर कुणी सात महिने, कुणी तीन वर्षं, एकजण म्हणतो ‘मुलीच्या लग्नापर्यंत.’ आणि हे एक्केचाळीस. एकही ओळ रिकामी नाही. धरला तो सहा महिने, बारा महिने, चोवीस महिने. आणि शेवटी प्रत्येकाने ‘धन्यवाद’ लिहिलंय.” त्यांनी चष्मा काढला. “माणसं इतकी गुणी नसतात. मला शंका आहे, पुरावा नाही. तुम्ही तपासा आणि मला सांगा. तुम्ही सांगाल ते मी धरीन.”

धाकटीने फॉर्म जवळ ओढले. टिकांवर बोट फिरवलं. प्रत्येक टिकेची शेपटी शेजारच्या चौकोनात शिरलेली. पहिलीपासून सातवीपर्यंत तिच्या गृहपाठाच्या वह्यांवर याच टिका होत्या. तिला पुरावा शोधायला कुठे जावं लागलं नाही.

ती तिथेच गप्प बसू शकली असती. मॅडम तिचा शब्द धरणार होत्या. मी तिच्या मांडीवर होतो आणि तिचे हात माझ्या कडा घट्ट धरून होते.

“मॅडम, हे एक्केचाळीस काढा. खोटे आहेत. मी भरलेले नाहीत, पण मला माहीत आहे कुणी भरले.”

“मग बासष्ट. दिवस उरले सहा.”

“हो.”

“आणि किती काढले, का काढले, हे प्रबंधात लिहायचं. झाकायचं नाही.”

“हो.”

घरी आली तेव्हा काका स्वयंपाकघरातल्या नळाचा नट आवळत होता. काकू कामावरून यायची होती.

“काका, हे एक्केचाळीसजण कोण?”

“आमचे मेकॅनिक.”

“तुमच्याकडे मेकॅनिक किती आहेत?”

काकाचा पाना थांबला. “एकोणीस.”

“वरचे बावीस?”

“पाहुणे असतील,” काका नळाला म्हणाला.

“यात एक दंतवैद्य आहे.”

“त्याची लिफ्ट बंद होती.”

धाकटीला हसू आलं आणि त्याचाच तिला राग आला. “काका, तू न बघता कधी टिक मारलीस? इतक्या वर्षांत एकदा तरी?”

“ते वेगळं! लिफ्टमध्ये माणसं असतात गं!”

“आणि फॉर्ममध्ये?”

नळ ठिबकत होता. काका उठला नाही. “तू जिन्यात बसलेलीस ना, चप्पल घेऊन,” तो म्हणाला, “ते मला बघवलं नाही.”

“मग माझ्याबरोबर यायचंस. दारं वाजवायला.”

तिने ते एक्केचाळीस फॉर्म पाकिटात घालायला घेतले आणि मध्येच थांबली. अकरावा प्रश्न. हा तोटा घरी कुणाला सांगितलात का? निळ्या पेनात, काळ्या पेनात, हिरव्या पेनात, एक्केचाळीस वेळा: नाही. बाकीच्या उत्तरांत काकाने हौसेने फेरफार केले होते. इथे एकही नाही. ती एकदा फॉर्मकडे बघत होती, एकदा काकाच्या वाकलेल्या पाठीकडे.

तिने विचारलं नाही. मला ओट्यावर ठेवलं आणि पाठ फिरवून खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, चांगली पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत काकाने तो नट तीनदा आवळला आणि तीनदा सैल केला.

पुढचे सहा दिवस काका रजा टाकून तिच्याबरोबर फिरला. हुकूम असा होता की त्याने स्टूल आणि पाण्याची बाटली धरायची आणि तोंडातून एक अक्षर काढायचं नाही. मित्रांनो, गप्प बसलेला काका मी पहिल्यांदाच बघत होतो. एका दारात एक गृहस्थ फॉर्मवर अडले, तर याचे ओठ नुसते थरथरायला लागले. धाकटीने मागे न बघताच म्हटलं, “काका.” त्याने बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं. रोज संध्याकाळी खोकं उघडायचं. चौसष्ट. सदुसष्ट. सत्तर. पाचव्या दिवशी फक्त एक. शेवटच्या दिवशी एका छापखान्यात तिसरं दार लागलं आणि जेवणाच्या सुट्टीत सातजणांनी, एकमेकांपासून लांब लांब जाऊन, मला भिंतीआड नेऊन फॉर्म भरले. एक्क्याऐंशी.

मॅडमनी कपाटातला तो तारीख घातलेला कागद काढला. धाकटीचा अंदाज अर्धाच खरा निघाला होता. लोक पडलेला शेअर विकत नाहीत, हे बरोबर. पण तो चढेल ही आशा फार थोड्यांना होती. बहुतेकांनी लिहिलं होतं की विकला की तोटा झाला असं घरी सांगावं लागतं. विकला नाही, तर अजून काही झालेलंच नाही.

“चुकला माझा अंदाज,” धाकटी म्हणाली.

“आता तुम्हाला काहीतरी सापडलं,” मॅडम म्हणाल्या, आणि सही केली.

प्रबंध छापून आला तेव्हा काकाने उभ्या उभ्या एकच पान वाचलं. ‘एक्केचाळीस प्रश्नावल्या विश्वासार्ह नसल्यामुळे वगळण्यात आल्या.’

“माझं नाव नाही ना टाकलंस?”

“नाव लिहायचं नसतं.”

“बरं झालं.” मग जरा थांबून, “म्हणजे तसं टाकलं असतंस तरी चाललं असतं.”

मित्रांनो, मला आता पुन्हा कपाटाखाली जावं लागणार नाही, असं धाकटी म्हणते. बघू. माझं मागणं एवढंच. माझ्यासारख्याला पाणी लागू देऊ नका, फुगतो. गंजलेल्या चिमट्याला वर्षातून एकदा तेलाचा थेंब द्या. आणि माझ्यावर कागद ठेवून कुणी काही लिहीत असेल, तर त्याच्या खांद्यावरून वाकून बघू नका. तेवढी जागा त्याची असते. बघाल, तर तो पोट आत ओढेल.

राहिली पैज. एक्क्याऐंशी म्हणजे शंभर नव्हेत. मास्तर मोठ्या मनाने म्हणाला, “जाऊ दे रे लिफ्टवाल्या, पोरीचं काम झालं ना? जिराफ राहू दे.”

“पैज म्हणजे पैज,” काका म्हणाला. “काढ तो.”

शुक्रवारी संध्याकाळी, बसथांब्यावर मुंगीला शिरायला जागा नसताना, काका जिराफ होऊन उभा राहिला. पोशाख पोटावर तट्ट बसलेला, मान उजवीकडे कलंडलेली, आणि ठिपक्यांच्या मधून काकाचं लालबुंद तोंड. मास्तर घड्याळ काढून समोर उभा. धाकटी मला छातीशी धरून हसू दाबत होती. एका बसच्या ड्रायव्हरने गाडी थांबवायची तिथून चार हात पुढे नेऊन थांबवली, एवढा त्याचा डोळा अडकला.

“काय हो, कसली जाहिरात?” भाजीची पिशवी घेतलेल्या एका बाईने विचारलं.

“जाहिरात नाही,” काका म्हणाला. खरं सांगायचं ठरलं होतं. “पैज हरलो. पुतणीच्या अभ्यासासाठी लोकांकडून फॉर्म भरून आणायचे होते. ते मीच बसून भरले. खोटे. एक्केचाळीस.”

सगळा बसथांबा खदखदून हसला. कुणीतरी शिट्टी मारली. तेवढ्यात गर्दीतून काकू पुढे आली, कामावरून परतलेली, खांद्याला पर्स, हातात पिशवी. ती हसत नव्हती.

“अहो, पोरीच्या मायेपोटी माणूस पाच भरेल, दहा भरेल. एक्केचाळीस कशाला?”

काकाने तोंड जिराफाच्या मानेखाली लपवलं. मास्तर म्हणाला, “विचारलंय त्यांनी. नियम आहे, लिफ्टवाले.”

काकाने मानेखालून तोंड वर काढलं.

“आठ वर्षांपूर्वी मी एक शेअर घेतला होता. बोनसचे सगळे पैसे घालून. तुला म्हटलं होतं, बोनस मिळालाच नाही. तो पडला. अजून धरून बसलोय. फॉर्मवर विचारलं होतं, घरी सांगितलं का. मी लिहिलं, नाही. पहिल्यांदाच कुठेतरी लिहिलं. लिहून बरं वाटलं गं. म्हणून पुन्हा लिहिलं. मग थांबताच येईना.”

हसणं हळूहळू विरलं. काकूने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“त्या कंपनीचं पाकीट दर वर्षी घरी येतं. मीच ते तुमच्या पान्यांच्या पेटीखाली सरकवते.”

“आणि आठ वर्षं बोलली नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कधी?”

भाजीवाल्या पिशवीची बाई हळूच म्हणाली, “माझ्याकडेही आहेत दोन तसले. आमच्या यांना नाही माहीत.” तिच्या मागचा हेल्मेटवाला म्हणाला, “माझे तीन.” आणखी एकजण खाकरला. धाकटीचा हात सवयीने पेनाकडे गेला, माझ्यावर कोरा फॉर्म होताच. पेनाचं टोक टेकलं. मग तिने ते उचललं आणि टोपण लावून टाकलं.

“नको,” ती स्वतःशीच म्हणाली. “जिराफासमोर दिलेलं उत्तर धरता येत नाही.”

“अकरा मिनिटं बाकी,” मास्तरने घड्याळ बघितलं. “मान सरळ, लिफ्टवाले! जिराफ आहात, गाय नव्हे.”

मान काही सरळ राहीना. काकूने आपली पिशवी धाकटीच्या हातात, माझ्यावरच ठेवली, चांगली जड होती, आणि काकाशेजारी जाऊन ती कलंडलेली मान एका हाताने वर धरली. उरलेली अकरा मिनिटं दोघं तशीच उभी राहिली, आणि येणाऱ्या प्रत्येक बसमधली माणसं खिडकीतून वाकून वाकून बघत गेली.